मशीनवर हात कोणाचा

मिस्त्री दुकानात शिरले तेच मुळी भांडायच्या तयारीने. बगलेत खोका, उजव्या बाहीची घडी सुटून मनगटावर लोंबतेय, आणि तोंडाचा पट्टा रस्त्यातच सुरू झालेला.

"कुठाय तो टायवाला? बोलवा त्याला बाहेर!"

टायवाला म्हणजे या पॉवर टूल्सच्या दुकानातला विक्रेता. त्याचं नाव मिस्त्रींनी कधी विचारलं नव्हतं. भर उकाड्यात गळ्याला टाय आवळून उभा असतो, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं. मागच्या आठवड्यात याच पठ्ठ्याने त्यांना लाकूड घासायचा नवा सँडर विकला होता. मिस्त्रींनी साधं विचारलं होतं, "घासताना हातात कसा राहतो हा?" पठ्ठ्याने खोका सगळ्या बाजूंनी फिरवून वाचला आणि म्हणाला, "सर, सहाशे वॅट आहे." मिस्त्री म्हणाले, "सहाशे म्हणजे कसा?" तर म्हणे, "म्हणजे सर... पाचशेपेक्षा जास्त!"

आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. या दुकानांची तऱ्हाच अशी. काचेच्या कपाटात एकाहून एक मशीनं झगमगतायत, आणि ती विकायला उभी केलेली माणसं कालपरवापर्यंत कुठे मोबाइलची कव्हरं विकत होती, कुठे बूट. शिकवतं कोण त्यांना? कुणी नाही. मालक पहिल्या दिवशी एक एप्रन देतो आणि एकच उपदेश करतो, की गिऱ्हाइकासमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही. मग ही मंडळी देतात ठोकून. दगड कापायची चकती लाकडाला देतील, लाकडाची लोखंडाला देतील, आणि वर हसून सांगतील, "चालते सर, सगळ्याला चालते!" बोटं काय, ज्याची जायची त्याची जातील. तेव्हा मिस्त्रींचा आवाज चढला होता त्यात नवल नव्हतं.

"तो जेवायला गेलाय," काउंटरमागून कुणीतरी म्हणालं.

बघतात तर एक बाई. पंचेचाळिशीच्या असतील. चष्मा डोक्यावर सरकवलेला, एप्रनची गाठ नीट मारलेली, हातात फडकं. ड्रिलच्या खोक्यांवरची धूळ पुसता पुसता त्या यांच्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला कळतं का यातलं काही?" मिस्त्रींनी तोफ तिकडे वळवली.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही म्हणजे काही कळत नाही."

भांडायला आलेल्या माणसाची याच्याहून मोठी पंचाईत कुणी करू शकत नाही.

"मग इथे बसलात कशाला?"

"आधी कापडाच्या दुकानात होते. पडद्याचं कापड, सोफ्याचं कापड. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. ते दुकान बंद पडलं, म्हणून इथे आले." बाईंनी फडकं झटकलं. "पण ऐकता तर येतं मला. काय झालं ते सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं. चांगलं तावातावाने सांगितलं. एका घराचं मोठं दार करतायत, दोन झडपांचं, जड लाकडाचं, वेलबुट्टी नाही पण अंग असं गुळगुळीत हवं की हात फिरवला तर अडखळायला नको. मालकिणीने लाकूड स्वतः निवडून आणून दिलेलं. आणि या सँडरने डाव्या झडपेवर ही एवढी खाच पाडली! जुन्या सँडरने उजव्या झडपेवर पाडली होती, म्हणून तर नवा घेतला. मशीनच दळभद्री, दुसरं काय!

"ठेवा इथे," बाई म्हणाल्या. "परत घेते."

तेवढ्यात टायवाला रुमालाने तोंड पुसत आला आणि किंचाळलाच. "बाई! उघडलेला खोका आपण परत घेत नाही!"

"असं का? मला कुणी सांगितलंच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता तर घेतला."

मिस्त्रींना हसू आलं. आवरायला गेले तर मिशीतून निसटलंच. मानलं बाईंना, आल्या आल्या निम्मा राग त्यांनी तिथेच उतरवला.

बाई मग काचेच्या कपाटाकडे गेल्या आणि किल्ली फिरवून एकामागून एक तीन सँडर त्यांनी बाहेर काढले. टायवाला मागून "बाई, डेमो लावत नाहीत, धूळ होते, मालक ओरडतील" असं पुटपुटत होता. दुकानाच्या मागच्या बाजूला एक टेबल होतं. त्यावर शोभेला लाकडाचा जाड ठोकळा ठेवलेला आणि ठोकळ्यावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. मशीन बघून घ्यायची जागा म्हणून ती केलेली, पण तिथे मशीन चालल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाईंनी गुच्छ उचलून टायवाल्याच्या हातात दिला आणि पहिल्या सँडरची पिन बोर्डात खुपसली.

"नुसत्या खोक्यावरून काय कळणार? कापड तरी आम्ही कुणाला घडीत विकत होतो का? उलगडायचं, उजेडात धरायचं, हात लावू द्यायचा." आणि बटण दाबलं.

"अगं बाई!" त्या ओरडल्याच. "दात वाजले माझे!"

"दाबताय कशाला त्याला?" मिस्त्री पुढे सरसावले. "मशीनच्या वजनावर सोडा. तुम्ही फक्त दिशा दाखवायची. दोन्ही हात... अस्सं. आणि थांबायचं नाही एका जागी, थांबलात की खड्डा." मग टायवाल्याकडे वळून म्हणाले, "तू काय फुलं घेऊन उभा आहेस नवरदेवासारखा? ये इकडे. धर."

टायवाला वर्षभर सँडर विकत होता. हातात चालू सँडर धरायची त्याची ही पहिलीच खेप. आधी तो दचकला, मग त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. टाय खांद्यावर टाकून त्याने ठोकळ्याची एक बाजू घासून चकचकीत केली आणि म्हणाला, "सर, हे तर भारी आहे!"

"वर्षभर विकतोयस आणि आज कळलं?" मिस्त्री म्हणाले. पण ओरडले नाहीत.

बाईंनी तिन्ही सँडर आळीपाळीने चालवून बघितले. कसे, तर डोळे मिटून. चेहरा असा, जणू कापडाचा पोत बघतायत. पहिला त्यांच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आणत होता. दुसरा जरा बरा. तिसरा हातात असा शांत, की चालू आहे की नाही शंका यावी.

"आता तुम्ही," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. "कोणता जास्त थरथरतो ते सांगा."

मिस्त्रींनी पहिला उचलला. मान खाली घालून बटण कुठाय ते बघितलं आणि मग दाबलं. चालवला, ठेवला. दुसरा, तिसरा. दर वेळी आधी मान खाली, मग बटण.

"सारखेच आहेत तिन्ही," ते म्हणाले.

टायवाला फिसकन हसला. "काय सर, थट्टा करता! तो पहिला तर हातातून उडी मारतोय!"

बाई हसल्या नाहीत. "आत जा आणि पॉलिश पेपर घेऊन ये," त्या टायवाल्याला म्हणाल्या.

"कोणता, बाई?"

"सगळे आण."

तो आत गेला. बाईंनी मशीनची पिन काढली. मिस्त्री आपली लोंबती बाही वर सरकवत होते आणि ती पुन्हा खाली येत होती.

"आमच्याकडे एक म्हातारे शिंपी यायचे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कापड निवडताना बोटांनी चाचपायचे नाहीत, गालाला लावून बघायचे. सगळे हसायचे त्यांना. मला उशिरा कळलं, की सुई धरून धरून त्यांची बोटं मेली होती." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या बोटांना कळत नाही ना?"

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. घरात कुणाला कळलं नव्हतं. शर्टाच्या बाह्यांची बटणं लावता येत नाहीत म्हणून ते उकाड्याचं निमित्त करून बाह्या दुमडायला लागले, कुणाच्या लक्षात आलं नाही. कप निसटून फुटला, तेव्हा कपाचा कान गुळगुळीत आहे म्हणून वेळ मारून नेली. आणि जिला लाकडातलं ओ की ठो कळत नाही अशी बाई तोंडावर विचारतेय!

"मशीनच तसली आहेत," ते गुरगुरले.

"मशीनचं मला काही कळत नाही. हाताचं विचारतेय."

मिस्त्री स्टुलावर बसले. सबंध आयुष्य धडधडती मशीनं हातात धरली होती त्यांनी. गेल्या हिवाळ्यात बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, आता तर सँडर लाकडात घुसतोय हे डोळ्यांना दिसेपर्यंत हाताला पत्ता नसतो. आणि दिसेपर्यंत खाच पडलेली असते.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"डॉक्टर सांगणार मशीन सोडा," मिस्त्री म्हणाले. "सोडलं मशीन, तर मग मी काय करू? कारखान्यात खुर्ची टाकून बसू? लेक काम करेल आणि मी नुसता बघू? मी कोण मग तिथे?"

"ते मला नाही माहीत," बाई म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, सगळं ठीक होईल हो! या बाईंना ठोकून देता येतच नव्हतं. मिस्त्रींना त्याही स्थितीत त्याचं बरं वाटलं.

"तो तिसरा द्या," ते उठत म्हणाले. "कमी थरथरतो म्हणताय ना. बांधा."

"नाही देणार."

"काय?"

"माप घेतल्याशिवाय मी कापड फाडत नव्हते. फाडलेलं कापड परत जोडता येत नाही. या मशीनवर ज्याचा हात चालणार आहे त्याला घेऊन या. त्याच्या हाताला बरा वाटला तर त्याच्या हातात देईन."

"अहो, तुम्ही विकायला बसलात की गिऱ्हाईक हाकलायला?" मिस्त्री कडाडले. पॉलिश पेपरांचा गठ्ठा घेऊन आलेला टायवाला दारातच गपकन उभा राहिला. मिस्त्री त्याच्या बाजूने तडक बाहेर पडले.

रस्ताभर ते बाईंना शिव्या घालत होते. पण मनातल्या मनात, आणि त्यातही दम नव्हता.

कारखान्यात लेक दारावर वाकली होती. मिस्त्री तिला चिमणी म्हणत. दाराची झडप एकटीने उचलून फिरवणारी ही दणकट बाई कुठल्या कोनातून चिमणी दिसत होती ते त्यांनाच ठाऊक, पण लहानपणीचं नाव ते. चिमणीने नव्या खाचेत लाकडाचा भुसा आणि गोंद भरला होता आणि आता हातानेच पॉलिश पेपर फिरवत होती. जुनी खाच तिनेच अशी बुजवली होती की शोधावी लागे.

पण मिस्त्रींना ती शोधावी लागत नव्हती. ती पडली त्या दिवशी ते दारापाशी एकटेच होते. चिमणी बाहेरून आली, खाच बघितली, बापाच्या उतरलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या, माझ्याकडूनच झालं असणार हे. सकाळी मीच घासत होते." आणि मिस्त्री गप्प बसले. मालकिणीने चिमणीला चार शब्द सुनावले तेव्हाही गप्प बसले. तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं त्यांना. मशीनला शिव्या देत दुकानं पालथी घातली, ती यासाठीच.

आत्ताही त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ती मान वर करून म्हणाली, "काय म्हणालं दुकान? बदलून देतायत का?"

"उद्या तूच चल," मिस्त्री म्हणाले. "एक येडी बाई आहे तिथे. तुला बघितल्याशिवाय मशीन देणार नाही म्हणते."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर मागच्या टेबलावरची फुलं गायब. तिथे लाकडाचे तुकडे, पॉलिश पेपरांचे गठ्ठे, आणि टायवाला एका गिऱ्हाइकाला सांगतोय, "दाबायचं नाही सर, वजनावर सोडायचं. थांबलात की खड्डा!" मिस्त्रींना बघून तो ओशाळला. मिस्त्रींनी मान डोलावली, तसा त्याच्या आवाजात दुप्पट जोर आला. कौतुक वाटलं मिस्त्रींना त्याचं. कुणी शिकवलंच नव्हतं बिचाऱ्याला, शिकायला तो कधीपासून तयार होता.

बाईंनी तिन्ही सँडर मांडले. चिमणीने एकेक चालवून बघितला आणि क्षणात निकाल दिला. "पहिला फेकून द्या. तिसरा छान आहे. पण तिसऱ्याची मूठ बाबांच्या पंजाला लहान पडेल."

"म्हणजे हात कोणाचा ते ठरवावं लागेल," बाई म्हणाल्या आणि मिस्त्रींकडे बघत राहिल्या. एवढंच. त्यांना माहीत असलेलं सगळं सांगून मोकळं होणं किती सोपं होतं! पण नाही. ते ज्याचं त्यानेच बोलायचं होतं.

"हात तुझा, चिमणे," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता कळत नाही. काही कळत नाही. डावीकडची खाच माझी, आणि ती पहिली... उजव्या झडपेवरची... तीही माझीच. तू बोलणी खाल्लीस आणि मी ऐकत उभा राहिलो."

चिमणीने सँडर टेबलावर ठेवला.

"मी त्या दिवशी सकाळी डावी झडप घासली होती, बाबा," ती म्हणाली. "उजव्या झडपेला हातसुद्धा लावला नव्हता. मला डावं-उजवं कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

"मग... मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

टायवाला आणि त्याचं गिऱ्हाईक, दोघंही एकदम पॉलिश पेपर मोजायला लागले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुसला, परत डोक्यावर ठेवला.

"उद्या आधी डॉक्टर," चिमणी म्हणाली. "मग काय ते बघू." आणि नाक ओढून तिने तिसरा सँडर पुन्हा सुरू केला, ठोकळ्यावर ठेवला. थोडा वेळ गेला. मिस्त्री पाठ फिरवून उभे होते, डोळे पुसत होते.

"एका बाजूला कलतोय," ते पाठमोरेच म्हणाले. "हलका कर हात. हं... आता पुन्हा दाबलास."

चिमणीने मशीन बंद केलं. "तुम्ही तर बघतसुद्धा नव्हतात!"

"बघायचं काय त्यात? ऐकू येतंय की," मिस्त्री चिडून म्हणाले. "दाब पडला की मशीन रडतं."

बोलून गेले आणि स्वतःच थबकले. बाईंनी मुठीने टेबलावर हलकेच ठोकलं. कापड पसंत पडलं की पूर्वी काउंटरवर ठोकत असतील तसं.

"बांधू मग हा?" त्यांनी विचारलं, चिमणीला.

"बांधा."

"एक विचारू?" बाई मिस्त्रींकडे वळल्या. "ते रडणं मलाही ऐकायचंय. मला अजून नाही ऐकू येत. परत दाखवाल?"

"दाखवतो की," मिस्त्री म्हणाले. "या टायवाल्यालाही बोलवा." आणि पुढे होऊन ठोकळ्याशी उभे राहिले. त्यांची बाही पुन्हा सुटून मनगटाखाली लोंबायला लागली.

"थांबा," चिमणी म्हणाली. "मशीनपाशी सैल बाही नको, तुम्हीच शिकवलंत."

तिने बापाचा हात हातात घेतला, बाही मनगटापर्यंत सरळ केली आणि बटण लावलं. मग दुसऱ्या हाताचं लावलं. सगळं दुकान बघत होतं. मिस्त्रींनी हात मागे घेतला नाही.